अर्धा ठेका

कणकेचा ओला वास आला की भांडुपच्या खोलीतलं गणपतीतलं भजन आठवतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला मी कणीक थापत होते आणि आजवरचा सगळ्यात मोठा पखवाजी कोण, यावरून मंडळी हमरीतुमरीवर आली होती. "तुमका काय कळता रे?" बुवा ओरडले. तेवढ्यात, लकव्याने वाचा आणि उजवा हात गेलेल्या बाबांनी पखवाज ओढून डाव्या हाताने एक ठेका धरला. ज्याला ते मोठा मानत, त्याचाच असणार. पण एका हाताच्या ठेक्यावरून माणूस कुणालाच ओळखता येईना. "तूच रे मोठो," बुवा शेवटी म्हणाले. बाबांनी जोरात नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बघत पुन्हा पुन्हा तेच वाजवत राहिले. आजही परातीत कणकेवर माझा डावा हात तो ठेका धरतो आणि उजवा नुसताच थांबून राहतो.