जास्तीचे सात सेंटीमीटर

माझी चुलती उंची मोजायच्या पट्टीसमोर टाचा उचलून उभी राहिली होती, आणि मला ते दिसलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. पुढे कितीतरी महिने मी ‘मला काय कल्पना’ असा चेहरा करून फिरत होतो, तो चेहरा खोटा होता.

सुदुंबऱ्याच्या बाजूला एका कारखान्यात मी इंजिनिअर होतो. तिथे गाड्यांच्या वायरी जुळवून त्यांच्या जुड्या बांधतात. समोर उभा बोर्ड, त्यावर खुंट्या, आणि त्या खुंट्यांमधून दिवसभर वायर ओवायची. हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि त्यातली एक माझी काकू. तिला ठेकेदाराकडे मीच लावून दिलं होतं. जन्मभर भातलावणी करून तिची कंबर गेली होती. म्हटलं, सावलीतलं काम आहे, वाकावं लागणार नाही. पहिल्याच दिवशी तिने मला ‘सर’ म्हणायला सुरुवात केली. घरी बाळा, कंपनीत सर, हे तिने स्वतःच ठरवलं. मी ‘नको’ म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

त्या वर्षी नवीन लाइन आली. तिचे बोर्ड वर-खाली करता येणारे होते. प्रत्येक बाईच्या मापाने तिचा बोर्ड लावायचा, म्हणजे खांदे दुखणार नाहीत, अशी कल्पना होती. कल्पना माझीच, त्यामुळे मी मोठ्या तोऱ्यात होतो. हात कोपराच्या आसपास चालले की खांद्यावर ताण येत नाही. म्हणजे मोजायला हवी होती ती जमिनीपासून कोपराची उंची. पण वीस-बावीस बायका, वेळ अर्ध्या तासाच्या सुट्टीचा, आणि बायामाणसांच्या कोपराला टेप कुठे लावत बसायचं, असं मी स्वतःला सांगितलं. संकोचाचं नाव पुढे केलं, आत आळसच होता. पुस्तकात तक्ता होता: माणसाची उंची शंभर धरली तर त्रेसष्टाव्या भागावर कोपर येतं. नुसती उंची घ्या, बाकी हिशोब बसल्या जागी होतो. तक्ता परदेशातल्या माणसांवरून केलेला होता, हेही मी वाचलं होतं. उंटावरून शेळ्या हाकायला तेवढं पुरे होतं.

आदल्या संध्याकाळी मी काकूच्या घरी चहाला गेलो होतो. तिच्या कानावर मोजमापाचं आलं होतं. तिने विचारलं, “उंची कशापायी मोजायचीय रं, बाळा?”

मी मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणालो, “कंपनीचं असतं ते काकू, तुला नाही कळायचं.”

एवढंच. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तुझा बोर्ड तुझ्या हाताला येईल असा लावायचाय, एवढं तिला नक्की कळलं असतं. मापाने खुरपं घडवून घेणारी बाई ती. दांडा जरा लांब झाला तर लोहाराकडे परत पाठवायची. पण मला त्या वेळी समजावून सांगायचा कंटाळा आला होता, आणि थोडा रुबाबही दाखवायचा होता.

तिच्या घरात उंची मोजण्याचा अर्थ एकच होता. तिचा मुलगा पोलीस भरतीला दीड सेंटीमीटरने कमी भरला होता. दोन वर्षं पहाटे उठून पळालेला पोरगा त्या दीड सेंटीमीटरवर घरी आला होता. मोजतात ते काढून टाकायला, हे ती शिकलेली होती. रात्रीतून तिने बाकीच्या बायकांनाही सावध केलं असणार.

दुसऱ्या दिवशी बायका ओळीने आल्या. कारखान्यात कापडी टोपी सक्तीची होती, केस तिच्या आत. त्या दिवशी सगळ्यांचे अंबाडे मानेवरून उचलून टाळूवर आले होते. मी पट्टी टोपीवर टेकवत गेलो आणि आकडे लिहीत गेलो. टोपी काढा, केस सोडा, असं एकीलाही म्हणालो नाही. काकू आली तेव्हा तिच्या टाचा जमिनीपासून सुटलेल्या दिसल्या. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी आकडा लिहिला. मला वाटलं, असू दे, बायकांना उंच दिसायची हौस असते. वर आपण डोळेझाक करून चुलतीवर उपकारच केला, असंही वाटलं.

बोर्ड लागले. बोल्ट आवळले गेले. माझ्या कामाचं कौतुकही झालं.

महिन्याभराने लाइनवरून जाताना काकूच्या पायाखाली एक फळी दिसली. खोक्याची फळी होती, ती तिने कुठूनतरी आणून ठेवली होती. फळीला अडखळून कुणी पडेल, हा सुरक्षेचा नियम मला पाठ होता. मी फळीचा फोटो काढला आणि चारचौघींसमोर तिला ती उचलायला लावली. काकूने “बोर्ड खाली घ्या” म्हणायचं तर उंची खोटी दिल्याचं कबूल करावं लागलं असतं. तिने फळी काखेत धरून भंगाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि परत येऊन हात वर केले.

त्यानंतर एका रविवारी मी तिच्या घरी गेलो, तर ओसरीवर सून तिची वेणीफणी करत होती. मी चेष्टेने म्हणालो, “काकू, सून आल्यावर राणीच झालीस की.” ती हसली नाही. सूनच बोलली. सासूबाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, दोन महिने झाले, केस बांधता येत नाहीत, लुगड्याचा पदर डोक्यावर घ्यायचा तर डाव्या हाताने घेतात. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तेव्हा सून खाली बघून म्हणाली, “उंची कमी भरली तर काढतील म्हणून टाचा उचलल्या होत्या त्यांनी. आता कोणत्या तोंडानं सांगायचं?”

काकू भिंतीकडे बघत होती. लाज तिला वाटत होती. वाटायला हवी होती मला.

घरी जाऊन हिशोब मांडला. अंबाड्याचे चार, टाचांचे तीन, असे सात सेंटीमीटर जास्तीचे धरले, तर बोर्ड अडीच बोटं वर गेला होता. अडीच बोटं म्हणजे काहीच नाही, एखाद्याच दिवसाचा प्रश्न असता तर. तिने ती अडीच बोटं आठ-आठ तास, महिनोन्‌महिने उचलली होती.

सोमवारी साहेबांकडे गेलो. पुन्हा मापं घ्यायला परवानगी हवी होती. वाटेत वाक्य तयार केलं होतं: मी कोपर मोजलं नाही, कशासाठी मोजतोय ते सांगितलं नाही, चूक माझी आहे. साहेबांनी विचारलं, पुन्हा कशाला? आणि माझ्या तोंडून निघालं, “बायकांनी उंची खोटी दिली, सर.”

साहेब हसले. ती गोष्ट अर्ध्या तासात सगळ्या लाइनवर गेली. सुपरवायझरने मोठ्या आवाजात सांगितलं की, या वेळी फसवाफसवी चालणार नाही. बायका माना खाली घालून रांगेत उभ्या राहिल्या. मी तिथेच होतो. हातातला टेप गुंडाळत उभा होतो.

मग मी सगळ्यांना सांगितलं की, उंचीवर कुणाचं काम जाणार नाही, बोर्ड हाताशी यावा म्हणून मोजतोय. मागच्या वेळी हे सांगायला मला किती वेळ लागला असता, ते तेव्हा कळलं. चहा निवण्याआधी सांगून झालं असतं.

काकूचा नंबर आला. तिने टोपी काढली, डाव्या हाताने अंबाडा सोडला, केस पाठीवर टाकले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पण टाचा अजून अधांतरीच होत्या. सगळ्यांसमोर तिने विचारलं, “आता टाच टेकली तर चालंल न्हवं, सर?”

मी “हो” म्हणालो. तिने टाचा टेकवल्या. मी तिच्या कोपराला टेप लावला, आणि आकडा लिहिताना मला दोनदा खोडावं लागलं.

बोर्ड खाली आला. खांदा हळूहळू पुष्कळ सुटला, तरी केस अजून सूनच बांधते. साहेबांना खरं काय ते मी कधीच सांगितलं नाही. वर्षभराने मी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्याला आलो. काकू आता कामावर जात नाही, तिला मला ‘सर’ म्हणायचं काही कारण उरलेलं नाही. पण मी सुदुंबऱ्याला गेलो की ती मला बाळाही म्हणत नाही. “आलात का?” म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते.