मामांचं रक्त, दर सोमवारी

प्रयोगशाळेत काचसामान धुणारे मामा अठरा वर्षांत एकदाही आजारी पडले नव्हते, आणि ही गोष्ट ते भेटेल त्याला ऐकवत. कुणी शिंकलं तर त्याच्याकडे अशा नजरेनं बघत, जणू त्यानं धुतलेला बीकर फोडलाय.

म्हणूनच संशोधक बाईंनी त्यांना धरलं होतं. बाईंचा विषय मूत्रपिंडांचा. शरीराची रोगप्रतिकारशक्ती कधी कधी उलटते आणि आपल्याच मूत्रपिंडाच्या चाळणीवर तुटून पडते. हा हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी रक्तात किती आहेत, ते बाई मोजत. चाचणीचा थेंब जितका पिवळा, तितका हल्ला मोठा. पण पिवळा म्हणजे किती पिवळा, हे ठरवायला शेजारी धडधाकट माणसाचं रक्त लागे. ते मामांचं. दर सोमवारी मामा बाही सरसावून स्टुलावर बसत आणि म्हणत, "घ्या बाई, अस्सल माल!"

संगणकाला बाईंनी शिकवून ठेवलं होतं, की मामा म्हणजे एक. पेशंटचा आकडा आठ आला, तर मामांच्या आठपट. खरं तर असं एकट्या माणसावर विसंबायचं नसतं. दहा-बारा निरोगी लोकांचं रक्त एकत्र करून, गोठवून वापरायचं असतं. बाईंना हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण मामा हाताशी होते आणि सवय लागली होती.

यंदा बाईंच्या नव्या औषधानं कमाल केली. वर्षभरात आठाचे सहा झाले, सहाचे चार, चाराचे तीन. सगळ्याच पेशंटांचे. बाई इतक्या खुशीत होत्या, की मामा सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी आले तर "काय मामा, झोप फार झाली वाटतं!" म्हणून थट्टा करत. मामांच्या बुटांच्या नाड्या आता सुटलेल्याच असत. बांधल्या तर पाय आवळत. पंचवीस वर्षं मूत्रपिंडांत डोकं घातलेल्या बाईंना ती सूज रोज दिसत होती आणि एकदाही दिसली नाही. राग यावा अशीच गोष्ट आहे ही.

मग एका शनिवारी वॉर्डातली नर्स सहज बोलून गेली, "ते शिंपीकाका आहेत ना तुमच्या यादीतले? त्यांनी चार महिन्यांपूर्वीच गोळ्या सोडल्यात. पोटात जळजळतं म्हणे."

शिंपीकाकांचा आकडा तर इतरांइतकाच उतरला होता. औषध न घेता?

बाई तडक फ्रीझरकडे गेल्या. तळातून मामांच्या रक्ताची दोन वर्षांपूर्वीची नळी काढली, शिंपीकाकांचीही तेव्हाची काढली. शेजारी दोघांच्या या आठवड्यातल्या नळ्या ठेवल्या. चारही नळ्यांतले थेंब एकाच पट्टीवर घातले आणि रंग चढायची वाट बघत बसल्या.

शिंपीकाकांचे दोन्ही थेंब सारखेच पिवळे झाले. मामांचं जुनं रक्त जेमतेम पिवळसर. नवं मात्र हळूहळू रंग धरू लागलं. बाईंना वाटलं, एवढ्यावर थांबावं. नाही थांबलं. मग वाटलं, निदान आता तरी थांबावं.

औषधानं कुणालाच गुण आला नव्हता. मामा आजारी पडत चालले होते, म्हणून बाकीचे बरे दिसत होते. बाईंच्या वर्षभराच्या कामाचं पाणी झालं होतं, पण त्यांना त्या घटकेला त्याचं काहीच वाटलं नाही. त्या उठल्या आणि मोरीपाशी गेल्या.

मामा चंबू विसळत होते.

"मामा, लघवीला फेस येतो का हो?"

"येतो की! झाले सात-आठ महिने." मामांनी चंबू उजेडात धरून पाहिला. "बायको रोज डोकं खाते, डॉक्टरला दाखवा, डॉक्टरला दाखवा. मी म्हटलं, अगं वेडे, एवढ्या मोठ्या बाई दर सोमवारी माझं रक्त तपासतात. काही असतं तर त्या बोलल्या नसत्या का?"

बाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मामांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि सोमवारच्या सुईची जागा अजून काळीनिळी होती.

मामांनी नळ बंद केला.

"बाई," ते म्हणाले, "काही आहे का?"