दोन बोटं कमी छाती

जंगल खात्याच्या भरतीत माझी छाती दोन बोटं कमी भरली, ही बातमी आमच्या वॉर्डात माझ्या आधी पोचली. सरकारी दवाखान्यातून घरी येत होतो, तर पानठेल्यावरच्या एकानं रस्त्याच्या पलीकडून हाक दिली, "काहून भाऊ, टेप मोठा होता का छाती लहान होती?"

मी मान खाली घालून पाय उचलले.

लेखी परीक्षा पास झालो होतो. मुलाखतीत तर साहेबांनी दोनदा मान हलवली होती. मी बी.ए. होतो. आमच्या घरात तर सोडाच, अख्ख्या वॉर्डात पहिला, आणि हे सांगताना मी आजही आवाज खाली करत नाही. पण डॉक्टरांनी टेप लावला, कंपाउंडरनं वाकून आकडा पाहिला आणि दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दुसऱ्या कोणाची छाती घेऊन आलो होतो.

"तीन महीने बाद फिर आओ," डॉक्टर म्हणाले. "खाओ-पियो, कसरत करो. तब भी नहीं भरी तो फिर मैं कुछ नहीं कर सकता."

खरी पंचाईत वेगळीच होती. बानं आधीच खाकी कापड घेऊन ठेवलं होतं. वर्दीचं. बा तांदळाच्या मिलमध्ये हमाल होता. नोकरी पक्की समजून त्यानं बाजारातून कापड आणलं आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या टेलर मास्टरच्या दुकानात नेऊन टाकलं. मास्टरनं ते घडी करून समोरच्या फळीवर ठेवलेलं. येणारा-जाणारा विचारणार, हे कोणाचं? मास्टर सांगणार, आपल्या बीएवाल्याचं. आता ते कापड तिथंच पडून राहणार होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पूर्ण तीन महिने.

"कापू का थांबू?" मास्टरनं मला विचारलं.

"थांबा," मी म्हणालो.

बाची छाती दारासारखी होती. बाजारात त्याच्या मापाची बनियन मिळायची नाही, माय दोन बनियनी जोडून एक करायची. आणि त्याच माणसाचा मुलगा दोन बोटांनी नापास! ह्याला कारणही बाच होता. मी शाळेत असताना एकदा मिलमध्ये कोंढ्याचं अर्धं पोतं उचलायला गेलो होतो. बानं ते माझ्या हातातून ओढून घेतलं होतं. "माह्या घरातलं पोतं माह्यावर संपलं," तो म्हणाला होता. त्या दिवसापासून त्यानं मला काहीच उचलू दिलं नाही. सरपणाची मोळी नाही, विहिरीची घागर नाही. माय कुरकुर करायची, "पोट्ट्याले निदान तांब्या तं उचलू द्या." मी उचलली ती फक्त पुस्तकं.

आता छाती भरायची म्हटल्यावर बानं दूध लावलं आणि बदाम आणले. टॉनिकची एक लाल बाटली कंपाउंडरनं सुचवली, तीही आणली. मी शिकलेला माणूस, त्यामुळे बाकीचं मी ठरवलं. शाळेच्या आरोग्याच्या पुस्तकात शिळं अन्न खाऊ नये असं छापलेलं होतं. म्हणून मी पहिल्यांदा बासी बंद केली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा आणि जवसाच्या चटणीशी खायचा, ही आमच्याकडची न्याहरी. बा तेवढ्यावर दुपारपर्यंत पोती वाहायचा. मी मात्र चहा-पाव सुरू केला. घरातला उकड्या तांदळाचा जाडा भातही बंद. मला पांढरा, पॉलिशचा पाहिजे. माय ओसरीत बसून ऐकत होती. म्हणाली, "आजवर तुले मी काय माती खाऊ घातली का?"

मग कॅनव्हासचे बूट आणले. बूट असल्याशिवाय धावायचं कसं?

हे सगळं मी एकाच सोमवारी सुरू केलं. पहाटे वैनगंगेपर्यंत धावत गेलो, थंड पाण्यात बुडी मारली, घाटावर दंड-बैठका काढल्या, परत येऊन कच्चं अंडं गिळलं, त्यावर लोटाभर दूध, त्यावर बदाम, त्यावर टॉनिक. लोटाभर दूध आमच्या घराण्यात कोणी प्यालं नव्हतं. पोटाला ते पाहुणं ओळखू आलं नाही. बुधवारी टाचा सोलवटल्या. गुरुवारी मी खाटेवर होतो, आणि जे जे गिळलं होतं ते ज्या रस्त्यानं मिळेल त्या रस्त्यानं बाहेर निघत होतं.

पुढं नोकरीत असताना मी ही जात पुष्कळ पाहिली. साहेब बदलून येतो, पोट सुटलेलं असतं, एक दिवस मनावर घेतो आणि सात कामं एकदम सुरू करतो. आधी बूट घेतो. मग घरचं जेवण टाकून देतो, कारण घरचं आहे म्हणजे साधंच असणार. आठवड्यानं सगळं बंद, बूट तेवढे खाटेखाली. मी त्यांना हसत नाही. मी फक्त विचारतो, सोमवारी सुरू केलं होतं का?

मास्टरच्या दुकानात मी दर रविवारी माप द्यायला जायचो. एका महिन्यानं त्यानं टेप लावला, चष्मा वर केला, पुन्हा लावला.

"वाढली?" मी विचारलं.

"वाढली नाही म्हणत नाही मी," मास्टर म्हणाला. "उलट्या बाजूनं वाढली."

घाबरून मी पुन्हा कंपाउंडरकडे गेलो. त्यानं मोठी गुप्त गोष्ट सांगावी तसं सांगितलं, की छाती फुगवून ठेवायची, दम धरायचा, दिवसभर. हाडाला सवय लागते. मला ते पटलं. कुंभार मडक्याला आकार देतो, तसंच ना हे! दुसऱ्या दिवसापासून मी छाती काढून, दम धरून रस्त्यानं चालायला लागलो. आता दम धरल्यावर माणूस बोलणार कसा? कोणी हाक दिली की मी नुसती मान हलवायचो. बोललो असतो तर दम गेला असता.

आठ दिवसांत वॉर्ड बिथरला.

"बीए झाला तं कोणाशी बोलून नाही राह्यला."

"अजून साहेब झाला नाही, आतापासून छाती काढून चालते!"

समोरच्या घरातली म्हातारी, जिला मी जन्मापासून मोठी माय म्हणत आलो, तिनं तर मला मधेच अडवलं. "काय रे, मान आखडली का तुही? का आमी आता तुले दिसत नाही?"

मी दम सोडला आणि म्हणालो, "नाही वो मोठी माय, छाती वाढवून राह्यलो."

तिनं मला वरून खाली पाहिलं. "वाढव बाप्पा. पण आमाले काय तिच्याखाली दाबतं का?"

हे सगळं पानठेल्यावरून बाच्या कानी गेलं. तो संध्याकाळी घरी आला, हातपाय न धुता ओसरीत बसला. "लोक म्हनतात तुह्या पोराले गर्व झाला. दूध पाजून मी काय हेच कमावलं?"

तेव्हा मायचा बांध फुटला. तिनं बदामाचा डबा उचलून फळीवर मागे सरकवला, टॉनिकची बाटली त्याच्या शेजारी.

"झालं तुमचं बापलेकाचं? आता माह्यं ऐका. उद्यापासून पोट्टा बासी खाईन. आन त्याच्या बापाची छाती कायनं झाली, ते त्याच्या बापाले इचारा."

"आपल्या घराण्याचीच हाय ती," बा म्हणाला.

"घराण्याची हाय? मंग तुमच्या भावाची काहून नाही? तो तं गल्ल्यावर बसून बिड्या विकते. हवा आली का खांबाले धरते!"

माझा काका खरोखरच तसा होता. बा बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. पोत्याला मला हात लावू द्यायचा नाही, ही त्याची आयुष्यभराची एकच श्रीमंती होती. ती सोडायची का, हे तो तिथं बसून स्वतःशी ठरवत होता. मला ते दिसत होतं, म्हणून मीही गप्प बसलो. ह्या वेळी दम न धरता.

"ये उद्या मिलमध्ये," शेवटी तो म्हणाला. "पण मजुरी घ्यायची नाही. मजुरी घेतली तं तू हमाल. नाही घेतली तं ती कसरत."

मला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवशी मिलच्या अंगणात पहिलं पोतं उचलतो न उचलतो, तोच हमालांचा मुकद्दम आडवा आला. "हे नाही चालणार, भाऊ. आज हा फुकट उचलून राह्यला, उद्या सेठ म्हनन, बीएवाला फुकट उचलते, तुमाले काहून देऊ? तुह्या पोराच्या छातीपायी आमच्या पोटावर पाय?"

बाला ते पटलं. मलाही पटलं, अर्थशास्त्रात मी हेच शिकलो होतो, फक्त तिथं पोतं नव्हतं. अडकलो पुन्हा. मजुरी घेतली तर बाची शान जाते, न घेतली तर हमालांची रोजी. मग बानंच डोकं चालवलं. एका जुन्या पोत्यात त्यानं कोंढा भरला, मध्ये थोडी रेती घातली आणि ते भिंतीशी ठेवलं.

"हे कोणाचंच पोतं नाही," तो मुकद्दमाला म्हणाला. "पोट्टा पोट्टा इथून उचलीन, अंगणाले चक्कर मारीन, इथंच ठेवीन. कोणाचं काम गेलं का?"

मुकद्दमानं पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागला. "हौ, हे चालते!"

असा मी रोज सकाळी एकच पोतं उचलून, धान वाळत घातलेल्या अंगणाला फेरी मारून, होतं तिथंच ठेवायला लागलो. शहरात आज लोक त्यासाठी पैसे भरतात म्हणे. मी फुकट केलं, आणि वरून साऱ्या मिलची करमणूक केली. सेठ गादीवरून पाहायचे. एकदा त्यांनी मुनीमजींना विचारलेलं मी ऐकलं, "बोरा वहीं से उठाता है, वहीं रखता है. पढ़-लिखकर दिमाग पर असर तो नहीं हुआ?"

हमालांना तर खेळच मिळाला. मी दम धरून चाललो की ओरडायचे, "गप नको चालू बे, मुका पाहून पोतं जड होते! इंग्रजीत बोल काही!" मग मी पोतं पाठीवर घेऊन इंग्लंडच्या राजांची नावं क्रमानं म्हणायचो. नावं संपली की मागणीचा सिद्धांत. एक फेरी इतिहासाची, एक अर्थशास्त्राची. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या राजालाच मला धाप लागायची. हळूहळू सगळं राजघराणं एका दमात पार पडायला लागलं. एक म्हातारा हमाल शेवटी कंटाळून म्हणाला, "या राजाइले मरून इतकी वर्षं झाली, तूच त्याइले रोज पाठीवर फिरवून राह्यला."

दुपारी त्यांच्यातच बसून जेवायचो. बासी, कांदा, कधी सुक्क्या मासोळ्यांची चटणी, वर पेज. भूक अशी लागायची की मायनं डबा मोठा केला. वॉर्डात बोलाचाली सुरू झाली. मोठी माय म्हणाली, "आता माणसात आला."

तीन महिने भरले. बा त्या दिवशी कामावर गेला नाही, दवाखान्याच्या बाहेर कडुलिंबाखाली उभा राहिला. डॉक्टर तेच होते, टेपही तोच.

"साँस छोड़ो... अब भरो."

मी दम भरला. कंपाउंडर वाकला, आणि वाकूनच राहिला. डॉक्टरांनी स्वतः उठून पाहिलं. "क्या खाते थे? दूध? बादाम?"

"छोड़ दिया साहब," मी म्हणालो. "तब भरी."

बाहेर आलो. बा कडुलिंबाखालून पुढं झाला. आम्ही सरळ मास्टरच्या दुकानात गेलो. मास्टरनं फळीवरची घडी काढली, धूळ झटकली, टेप लावला, कापड पसरलं, पुन्हा टेप लावला आणि कपाळावर हात मारला.

"घ्या! आता कापड कमी पडते."

बा इतका मोठ्यानं हसला, की पानठेल्यावरची माणसं उठून आली. त्यानंतरचे चार दिवस त्यानं ज्याला-त्याला अडवून एकच गोष्ट सांगितली, "कापड कमी पडलं, बाप्पा! पोराच्या छातीले कापड कमी पडलं!" जास्तीचं कापड आणायला मात्र मायलाच पाठवावं लागलं.

ट्रेनिंगला निघालो त्या सकाळी पत्र्याची पेटी उचलायला मी वाकलो. पोत्याची सवय झाली होती. बानं माझा हात बाजूला केला, पेटी डोक्यावर घेतली आणि चालायला लागला.

"बा, द्या इकडं. आता मले जमते."

"माहीत हाय जमते," तो मागं न पाहता म्हणाला. "कसरत झाली तुही. हे पोतं नाही, पेटी हाय. पेटी साहेबाची राह्यते."

स्टेशनवर छोट्या लाइनची, अरुंद रुळांची गाडी लागलेली होती. एका कुलीनं आम्हाला पाहून थट्टा केली, "पेटी बापाच्या माथ्यावर, आन पोरगा छाती काढून मागं!"

त्याचं बरोबर होतं. रिकाम्या हातानं, खाकी वर्दीत, मी खरंच छाती काढून चाललो होतो. त्या दिवशी मी दम धरला नव्हता. ती तशीच होती. बानं पेटी फळीवर चढवली, डब्यातून उतरला, खिडकीपाशी आला आणि माझ्या हातात बासीचा डबा दिला.

"आजच खा," म्हणाला. "शिळं झाल्यावर खाऊ नको."