शंका घेणारे आमचे हाळीकर सर

डॉ. शंकरराव हाळीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९३च्या भूकंपानंतर, औसा तालुक्यातल्या एका मदत छावणीत. आम्ही काही शिकाऊ डॉक्टर नांदेडहून तिथे गेलो होतो. औषधांची खोकी येत होती आणि सर एकेक बाटली उजेडात धरून मुदत संपलेल्या बाजूला काढत होते. खोकी आणणारे गृहस्थ नाराज झाले. सर शांतपणे म्हणाले, "दानात आलं म्हणून औषध चांगलंच असेल, असं नाही."

पुढे मी लातुरात रक्ततपासणीची प्रयोगशाळा सुरू केली. तोवर शहरात गल्लोगल्ली शिकवण्या निघाल्या होत्या. रसायनशास्त्र शिकवणारे मुरुडचे कदम सर त्यात नावाजलेले. सततच्या डोकेदुखीमुळे ते हाळीकर सरांच्या लातुरातल्या दवाखान्यात आले. त्यांच्या रक्तातलं पाणी दुधासारखं गढूळ दिसत होतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, भलतंच वाढलेलं. गोळ्या झाल्या, पथ्य झालं, पण आकडा उतरेना.

हाळीकर सरांनी आधी माझ्या तपासणीवरच संशय घेतला. तोच नमुना दुसऱ्या नावाने माझ्याकडे पाठवला. उत्तर तेच आलं, तेव्हा स्वतः येऊन त्यांनी ही गोष्ट सांगितली. मला राग आला.

"शबानाबाई, चुकीच्या आकड्यावर मी औषध वाढवत गेलो असतो तर?" त्यांनी विचारलं. माझा राग तिथेच ओसरला.

मग संशय कदम सरांवर गेला. बाहेर काय खाता, असं सरांनी खोदून विचारलं. कदम सर वैतागले. "तेल सोडलं, तूप सोडलं. तरी तुम्ही माझ्यावरच शंका घेऊन राहिलात."

सोबत त्यांच्या पत्नी सुनंदाताई होत्या. त्या म्हणाल्या, "खाण्यात चोरी न्हाई, डॉक्टरसाहेब. मीच वाढते ना. पण यांच्या चपलेचं माप लई वाढून राहिलंय. लग्नातली अंगठी आता करंगळीतबी जाईना."

सरांनी कदम सरांचे जाड झालेले हात निरखले, पुढे आलेला जबडा पाहिला. "वर्गात कडेच्या बाकावरची मुलं दिसतात का?"

"आवाज येतो. चेहरे दिसत न्हाईत."

वाढीचं संप्रेरक जास्त तयार करणारी गाठ मेंदूच्या तळाशी असावी, त्यानेच हातपाय आणि रक्तातली चरबी वाढत असावी आणि गाठीने नजरेच्या नसा दबत असाव्यात, असं सरांना वाटलं. त्यांनी हैदराबादला मेंदूची तपासणी सुचवली. त्यावर कदम सरांचे मेहुणे बालाजीराव उसळले. "चरबीच्या आजाराला डोक्याचा फोटो कशाला? तुमचं कमिशन किती?"

सर म्हणाले, "शंका रास्त आहे. नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. माझं नाव सांगू नका."

ते खरंच नांदेडला गेले. तिथेही तोच सल्ला मिळाला. हैदराबादला गाठ सापडली आणि नाकावाटे शस्त्रक्रिया करून ती काढली.

काही महिन्यांनी त्यांचं रक्त माझ्याकडे आलं, तेव्हा ते नितळ होतं. ट्रायग्लिसराइड उतरलं होतं, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं होतं. मी आनंदाने फोन केला, तर सरांचा प्रश्न, "हा गुण शस्त्रक्रियेचा की गोळ्यांचा?" त्यांनी लक्ष ठेवून गोळ्या थांबवल्या आणि पुन्हा तपासायला लावलं. आकडा खालीच राहिला. मूळ त्या संप्रेरकातच होतं, हे तेव्हा कुठे त्यांनी मान्य केलं.

तरी वाईट कोलेस्टेरॉल मात्र किंचित वर गेलं होतं. ते दाखवून सरांनी कदम सरांना बजावलं, "एक चरबी उतरली म्हणून हृदय निर्धास्त झालं असं धरू नका. चालणं आणि तपासणी सोडायची नाही." आधी पथ्य मोडलं नसतानाही त्यांच्यावर संशय घेतला, याबद्दल त्यांनी कदम सरांची माफीही तिथेच मागितली.

कदम सर पुन्हा वर्गावर उभे राहिले. बालाजीराव आता आपल्या आईला सरांशिवाय कुणाला दाखवत नाहीत. त्या माउली विचारतात, "डॉक्टर एवढं का खोदून राहिलेत?" बालाजीराव म्हणतात, "खोदू दे, आई. त्यातच आपलं भलं हाय."

सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांनी आम्हा सर्वांवर अजून पुष्कळ वर्षं संशय घ्यावा. त्यांच्या प्रकृतीबद्दल मात्र आम्हाला शंका घेण्याची वेळ कधी न येवो.