बुधाजीचा क्लॅरनेट आणि बाभळीचा काटा

मूर्तिजापूरच्या स्टेशनात दिवे पुसणाऱ्या देवमनचा एक पाय जेवतानाही उंबऱ्याबाहेर असायचा. कारण एकच, अमरावतीची खुशालराव बँड पार्टी! या पार्टीनं मुंबईला जाऊन मोजक्याच रेकॉर्डी भरल्या होत्या, आणि देवमनला त्या सगळ्या पाहिजे होत्या. त्याही कोऱ्या, खरखर नसलेल्या.

लग्नाकार्यात वाजून वाजून पोलादी पिनेनं रेकॉर्डीच्या रेघा झिजतात. मग क्लॅरनेट कमी आणि भजी तळल्याचा आवाज जास्त! म्हणून हा पठ्ठ्या चावीच्या फोनोला पिनेऐवजी बाभळीचा वाळका काटा लावायचा. दर वेळी दगडावर घासून त्याला टोक काढायचं. आवाज बारीक येई, पण रेघ शाबूत राही. त्याची बायको पंचफुला म्हणे, "लोकं काटे अंगणाबाहेर झाडतेत, आमचे हे डब्यात भरून ठेवतेत!"

एकच रेकॉर्ड राहिली होती, पार्टीतल्या बुधाजीनं एकट्यानं क्लॅरनेट वाजवलेली. मिळायची, पण घासलेली. तरणेपणी देवमननं त्याला लग्नात समोर बसून ऐकलं होतं. "शेवटच्या लंब्या सुराआधी तो दम घेते," तो मला, त्याच्या दोस्ताला, सांगे. "तो दम आयकाचा हाय मले. खरखरीत बुडून जाते."

एकसष्ट साली कापूस फुटायच्या दिवसांत कळलं की बुधाजी वारला, पण अकोल्यात त्याच्या बायकोजवळ ती रेकॉर्ड कोरी आहे. घरात फोनोच नाही, वाजवणार कशावर? झालं! देवमननं फोनो मांडीवर घेतला, मला ओढलं, आणि आम्ही पॅसेंजरनं अकोल्याला.

बुधाजीच्या बायकोनं, केशरबाईनं, पेटीतून लुगड्यात गुंडाळलेली रेकॉर्ड काढली. काळीभोर, चकचकीत. देवमननं हात सदऱ्याला पुसले.

"बाई, देता का मले?"

"देतो ना भाऊ. पन आंधी वाजोवून दाखवा. सासूबाईनं लेकाचं यातलं एकदाबी आयकलं नाई."

सासूबाई म्हणजे दुर्गाबाई, भिंतीला टेकून बसली होती. देवमननं काटा लावला. क्लॅरनेट असा वाजला की काय सांगू! आणि शेवटी तो दम, अगदी कानाशी माणूस श्वास घेतो तसा. देवमननं माझं मनगट आवळलं.

तेवढ्यात दुर्गाबाई म्हणाली, "कवा लावतं रे बापू?"

"लावली ना माय. सरली बी."

"मले तं काईच आयकू नाई आलं. मुका हाय का तुहा डबा?"

पुन्हा लावली. म्हातारीनं भोंग्यात कान घातला. काही नाही!

"पोलादी पिन नाई का तुमच्याजोळ?" केशरबाईनं विचारलं.

फोनोच्या कोपऱ्यात पिनांची डबी होती. देवमन अंगणात गेला, आत आला, पुन्हा बाहेर.

मी म्हटलं, "अबे, एकदा लावल्यानं काय होते?"

"बुढी एकदावर थांबन का लेका?"

तरी आला, बसला, आणि त्यानं पिन लावली. घर दणाणलं. दुर्गाबाई ताठ झाली. "हा माहा बुधा! पाह्य ना कसे गाल फुगवून राहिला! लाव बापू, अजून लाव."

शेजारपाजार जमला. देवमन चावी भरतोय, उठतोय, बसतोय, पिन बदलतोय. दुपार कलेपर्यंत हेच. शेवटच्या खेपेला लंब्या सुराआधी नुसती खरखर आली. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

केशरबाई रेकॉर्ड लुगड्यात गुंडाळून म्हणाली, "घ्या भाऊ, तुमची झाली."

"नको बाई. बुढीले लागन."

"आमच्याजोळ मशीन कुठं हाय?"

"मी येत जाईन ना. मंगळवारी सुट्टी असते माही."

परतीच्या गाडीत तो दारातच उभा. बोरगाव गेलं तसा माझ्या कानाशी आला. "नांदगाव खंडेश्वरात एकाजोळ बुधाजीची अजून एक कोरी हाय म्हन्तेत. येतं का माह्यासंगं?"

"कवा?"

"मंगळवार सोडून कवाबी."