नदीपलीकडचे रकाने

आमच्या गडचिरोलीच्या ऑफिसातल्या आकडेवाल्या भाऊंइतका ‘माहीत नाही’ या उत्तराचा वैरी साऱ्या झाडीपट्टीत दुसरा नसेल. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बालमृत्यूंच्या पाहणीत एखादा रकाना रिकामा राहिला, की भाऊ नागपूरहून सीडीवर आणलेलं एक सॉफ्टवेअर चालवत. ते भरलेल्या रकान्यांवरून रिकाम्यांचा अंदाज बांधी. तोही पाचदा, दर वेळी थोडा वेगळा, आणि शेवटी पाचांचा मेळ घाली. “एकच अंदाज म्हंजे थाप,” भाऊ म्हणत. “पाच म्हंजे इमानदारी. आपल्याले किती मालूम नाई, थेही त्याच्यात दिसते.” मी घरातला पहिला पदवीधर; माऊस धरायलाही त्यांनीच शिकवलेलं. त्यांचा शब्द मला प्रमाण होता.

स्टँडवर कुणी आलापल्लीची बस विचारली, तरी भाऊ पाच वेगवेगळ्या वेळा सांगत. “मले एकाच बसनं जाचं हाय, बाप्पा!” एक म्हातारी करवादली होती. लेकीच्या लग्नात, येतो की नाही हे न कळवलेल्या सोयऱ्यांचा त्यांनी पाचदा हिशेब मांडला, तेव्हा आचाऱ्याने झारा खाली ठेवला. “भाऊ, तांदूळ एकदाच शिजते!”

त्या पावसाळ्यात नदीपलीकडच्या गावांना आमची माणसं गेलीच नाहीत. ते रकानेही सॉफ्टवेअरने भरले, सडकेवरच्या गावांवरून. तक्ता देखणा छापून आला: पलीकडेही मुलं सडकेवरच्यासारखीच जगत होती. आरोग्य उपकेंद्र कुठे द्यायचं, ते त्यावरच ठरणार होतं. पाणी उतरल्यावर पलीकडची दाई ऑफिसात आली. “काऊन आले नाई तुमी? औंदा आमच्या टोल्यावर, साऱ्या वस्तीत, एकही लेकरू बसाले शिकेपर्यंत जगलं नाई.”

भाऊ तसेच साहेबांकडे गेले. “सडकेवरून जंगल भरलं आपण. थे रकाने रिकामे करा, साहेब. लिहा, आमी गेलो नाई.”

साहेब हसले. “रिकामं ठेवायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना? तक्ता गेला कालच.”

उपकेंद्र सडकेवरच झालं, जुन्या दवाखान्यासमोर. उद्घाटनाला पेढे वाटले. भाऊंनी सीडी माझ्या टेबलावर ठेवली आणि पुन्हा मागितली नाही.

मागे स्टँडवर भेटले. एका बाईने विचारलं, “आलापल्लीची कधी येईन, भाऊ?” मी सवयीने पाच उत्तरांची वाट पाहिली. भाऊ सडकेकडे बघत म्हणाले, “मले मालूम नाई, बाई.” त्यांची स्वतःची, मूल गावाला जाणारी बस लागली, सुटलीही. भाऊ त्या बाईशेजारी बसून राहिले.