सूचना ऐकणाऱ्या मावशी

"वाचून दाखवा बघू."

शाळेच्या फाटकाजवळच्या स्टुलावर बसून, डोळे मिटून मावशी एवढंच म्हणायच्या, आणि आमच्यातली कुठलीही बाई हातातला कागद घेऊन मुकाट्याने वाचायला लागायची. पालकांना जाणारी प्रत्येक सूचना आधी मावशींना वाचून दाखवायची, ही डोंबिवलीतल्या आमच्या प्राथमिक शाळेची रीत होती. ती कोणी घालून दिली, कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशी हुद्द्याने शिपाई. पण त्यांना जी सूचना कळली नाही, ती कुणाच्याही घरी जात नसे.

"विद्यार्थ्यांनी शालेय गणवेशात उपस्थित राहणे अनिवार्य आहे," माझ्या पहिल्याच वर्षी मी ऐटीत वाचलं. मावशींनी एक डोळा उघडला.

"म्हणजे युनिफॉर्म घालून यायचं?"

"हो."

"मग तसं लिहा ना, बाई. आई डबा भरता भरता वाचते. तिला एका दमात कळायला नको?"

मी डी.एड.ला पहिल्या वर्गात आलेली. मला राग आला. पण सूचना बदलली, आणि दुसऱ्या दिवशी झाडून सगळी मुलं युनिफॉर्ममध्ये आली.

सूचना कसलीही असो, सहलीची, परीक्षेची, दात तपासणीची, मावशींचा पहिला प्रश्न ठरलेला: "सुटणार किती वाजता?" न्यायला येणाऱ्याला बाकी काही नको असतं, असं त्यांचं म्हणणं. आणि न्यायला येणाऱ्यांच्या बाबतीत मावशींइतकी जाणकार व्यक्ती मी पाहिलेली नाही. कुणाची आजी, कुणाचा काका, कुणाचा रिक्षावाला, सगळे तोंडपाठ. एकदा बोटीवर नोकरी करणारे एक वडील सहा महिन्यांनी घरी आले आणि हौसेने मुलीला न्यायला आले. मावशींनी सोडलं नाही. वडिलांनी आधार कार्ड काढून दाखवलं.

"कार्ड तुमचंच आहे हो. पण पोरगी तुमच्याकडे बघतेय का?"

पोरगी चिक्की खाण्यात दंग होती. शेवटी बिचाऱ्यांना घरी जाऊन आजीला घेऊन यावं लागलं. जाताना ते बरंच बोलले. दिवाळीत मात्र मावशींसाठी फराळाचा डबा घेऊन स्वतः आले.

"एकतीस वर्षांत माझ्या फाटकातून एक पोर चुकलं नाही." हे वाक्य मावशी महिन्यातून एकदा तरी ऐकवायच्या. आम्ही मागून चेष्टा करायचो. पण खरं सांगायचं तर त्यांच्यापाशी मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं. मागच्या वर्षी मेअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. निकालाच्या दिवशी, मुलं घरी गेली की अकरा वाजता त्यांचा निरोप समारंभ होता आणि भाषण मी करणार होते. त्यात हे वाक्य घालायचं मी ठरवलं होतं.

आता माझी चूक सांगते. तिच्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते. म्हणजे तीन वर्षं जपून काढायची, अहवाल चांगला गेला तर नोकरी कायम होणार. माझं तिसरं वर्ष संपत होतं. सत्र संपतानाची कामं तुम्हाला माहीतच असतील: निकालपत्रकं, हजेरीची बेरीज, वाचनालयाची पुस्तकं परत घेणं. वर भाषण पाठ करायचं. या गडबडीत आदल्या दिवशी मी त्याच्या आधीच्या वर्षीची सूचना फोनवर शोधली, तारीख बदलली, सुटण्याची जुनी वेळ खोडली आणि दुसरीच्या ग्रुपवर पाठवून दिली. नवी वेळ मोठ्या बाईंना विचारून घालू, असं मनात होतं. ते मनातच राहिलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मावशींना वाचून दाखवायला खाली उतरायचा कंटाळा केला. एवढी साधी सूचना, त्यात काय ऐकवायचं?

सूचनेत सगळं होतं. पुस्तकं परत करा, पाण्याच्या बाटल्यांवर नावं घाला, सुट्टीचा अभ्यास वहीत लिहा. शाळा साडेबाराऐवजी साडेनऊला सुटणार, हे मात्र कुठेच नव्हतं. एका आईने ग्रुपवर विचारलंही होतं, "सुटणार कधी?" खाली पंचवीस जणांचे नमस्काराचे हात आले आणि तो प्रश्न वर निघून गेला.

निकालाच्या दिवशी साडेनऊला पाच मिनिटं कमी असताना माझ्या लक्षात आलं की शेजारच्या वर्गाची निकालपत्रकं ऑफिसातच राहिली आहेत. मी जिन्यावरून ओरडले, "मावशी, तेवढा गठ्ठा आणून द्या ना वर!" त्या कधी फाटक सोडत नसत. पण मुलं वर्गात होती, म्हणून आल्या. त्या गठ्ठा घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोहोचल्या आणि घंटा झाली.

पाच मिनिटं. मोजून पाच मिनिटं फाटकावर कुणी नव्हतं.

बाकीच्या वर्गांचे पालक वेळेवर आले होते. माझी मुलं अंगणात ताटकळत उभी. मी एकेकाला फोन लावत होते आणि डोकी मोजत होते. एकोणतीस. हवी होती तीस. पुन्हा मोजली. एकोणतीसच. ओवी नव्हती.

ओवी सात वर्षांची. आई शाळेसमोरच्याच रस्त्याने सरळ पुढे, मानपाड्याकडच्या एका कंपनीत पॅकिंगला, आजी रोज साडेबाराला न्यायला यायची. मी शौचालयं पाहिली, वर्ग पाहिले, बाकांखाली वाकून पाहिलं. फोनवर ओवीच्या आजीचं नाव दिसत होतं आणि बोट पुढे जात नव्हतं.

मावशी जिन्यावरून उतरल्या. मी काही बोलायच्या आत त्यांना कळलं. त्यांचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "निकाल काय लागला तिचा?"

मला वाटलं, यांना काय झालं? "अ-एक. का?"

"मग ती घरी नाही गेली. आईला दाखवायला गेली. रिक्षा थांबवा."

बाकीची मुलं शेजारच्या वर्गाच्या बाईंवर सोपवून आम्ही निघालो. तुम्ही तो मानपाड्याचा रस्ता पाहिला असेल. ट्रेलर, टँकर, उखडलेलं काँक्रीट, फुटपाथ असून नसल्यासारखा. रिक्षात मी डावीकडे पाहत होते, मावशी उजवीकडे. चौकात गर्दी दिसली आणि मी रिक्षाबाहेर वाकून पाहिलं. ती रसवंतीची गर्दी होती. मावशी तोंडाने काही पुटपुटत होत्या. देवाचं नाव असेल म्हणून मी कान दिला, तर त्या एकच म्हणत होत्या, "कडेने चाल गं बाय, कडेने चाल."

ओवी कंपनीच्या गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत बसली होती. गाल लाल, मोज्यांवर धूळ, निकालपत्रक छातीशी. "मावशी, आई आत आहे. काका म्हणतात जेवणाच्या सुट्टीत येईल," ती शहाण्यासारखी म्हणाली. मावशींनी तिला उचललं. आणि मग त्या रस्त्याच्या कडेलाच मटकन बसल्या. मी रडत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

परत आलो तेव्हा ऑफिसात ओवीची आजी, मामा आणि संस्थेचे एक पदाधिकारी हजर होते. मामा टेबलावर हात आपटत होता. "पोरगी गेली कशी? जबाबदार कोण?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं.

"फाटकावर मी असते," मावशी म्हणाल्या. "सुटली ती माझ्या हातून." मग माझ्याकडे वळून, "बाई, पोरीला पाणी द्या जा."

मी गेले. त्यांनी सांगितलं म्हणून गेले, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस बजावलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

निरोप समारंभ त्या दिवशी झाला नाही, पुढेही झाला नाही. अशा प्रकारानंतर सत्कार करणं बरं दिसणार नाही, असं संस्थेचं मत पडलं. मावशींच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली, एकतीस वर्षांतली पहिली. मेअखेर त्यांनी रिकाम्या शाळेत किल्ल्या क्लार्ककडे दिल्या आणि त्या नाशिकला मुलाकडे निघून गेल्या. मी फोन करायचं धाडस केलं नाही.

जूनमध्ये माझा कायम झाल्याचा आदेश आला. तो हातात घेऊन मी मोठ्या बाईंसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

"ग्रुपवर मीही आहे," त्या म्हणाल्या. "तुमची सूचना मी वाचली होती. वेळ नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही."

"मग ताकीद त्यांना का?"

त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि मावशींचा जबाब माझ्यापुढे ठेवला. मोठमोठं अक्षर, उजवीकडे खाली घसरणाऱ्या ओळी. मी फाटकावर नव्हते. मुलगी माझ्या हातून सुटली. ती सुखरूप सापडली आहे. खाली सही. आणि सहीच्याही खाली, जागा नव्हती म्हणून दाटीवाटीने लिहिलेलं: दुसरीच्या बाई सकाळपासून उपाशी आहेत. त्यांना आज काही विचारू नये, घरी पाठवावे.